पाण्यातली थंडी आणि ‘बुडून मृत्यू’ ही नोंद

जव्हारजवळच्या दाभोसा गावी लेंडी नदी सुमारे ३०० फूट खाली झेपावते. पावसाचा जोर ओसरला की त्या धबधब्याच्या डोहात माणसे पोहायला उतरतात. हिवाळ्यात डोक्यावर लख्ख ऊन असले तरी थोड्याच वेळात ती काठावर येऊन दात वाजवत बसतात. हवा उबदार असताना ही हुडहुडी कुठून येते, हा प्रश्न वरवर साधा आहे. वैद्यकाला त्याचे नीट उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. तोवर पाण्यात थंडीने गेलेल्या असंख्य माणसांच्या नावापुढे ‘बुडून मृत्यू’ एवढेच लिहिले गेले.

पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे २५ पट आहे. उघड्या, निश्चल शरीराची ऊब टिकायची तर भोवतीचे पाणी साधारण ३३ ते ३५ अंश सेल्सियस असावे लागते. तारकर्लीचा समुद्रही इतका कोमट नसतो. म्हणजे पाण्यात उतरलेला प्रत्येक माणूस थंड होतच असतो. फरक फक्त वेगाचा. शरीराच्या गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली गेले की वैद्यकाच्या भाषेत तो हायपोथर्मिया.

या विषयाचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला तो लिव्हरपूलचा डॉक्टर जेम्स करी याने. १७९० मध्ये तिथल्या नदीमुखाशी एक जहाज फुटले आणि खलाशी कित्येक तास अवशेषांना धरून राहिले. पाण्यात बुडालेल्यांपेक्षा वाऱ्यात उघडे पडलेले आधी गेले, हे करीला खटकले. मग त्याने धडधाकट माणसांना थंड पाण्यात बसवून तापमापकाने मोजमापे घेतली. पाण्याबाहेर काढल्यावरही शरीर काही काळ थंड होत राहते, हेही त्याच्या नजरेस आले. १७९७ मध्ये त्याचे पुस्तक निघाले. नाविकांनी त्यातून फारसे काही घेतले नाही.

१५ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिक बुडाले तेव्हा समुद्र शांत होता आणि पाण्यात पडलेल्या बहुतेकांच्या अंगावर तरंगजाकिटे होती. पाणी मात्र शून्याच्याही खाली होते. कार्पेथिया पोहोचेपर्यंत ती माणसे तरंगत तरंगतच मेली होती, तरी अधिकृत कारण बुडणे हेच धरले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश नौदलाने आपल्या मृतांचा हिशेब मांडला. सुमारे दोन तृतीयांश माणसे जहाजावर नव्हे, तर जहाज सोडल्यानंतर गेली होती.

याच युद्धातला एक काळा अध्याय टाळता येत नाही. १९४२-४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत झिगमुंड राशर याने कैद्यांना बर्फगार पाण्याच्या हौदात ठेवून ‘प्रयोग’ केले. अनेकांचा त्यात जीव गेला. ते आकडे वापरावेत की नाही, यावर पुढे दशकानुदशके वाद झाला. १९९० मध्ये रॉबर्ट बर्गर या शल्यविशारदाने त्या नोंदी तपासून त्या मुळातच विसंगत आणि अविश्वसनीय असल्याचे दाखवले. क्रौर्य तर होतेच, शास्त्रही नव्हते.

खरा धक्का मात्र ‘कोमट’ समुद्राने दिला. डिसेंबर १९६३ मध्ये मदेइराजवळ लाकोनिया हे प्रवासी जहाज पेटले. पाणी जवळपास १८ अंश होते, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात अनेकांच्या नळाला येते तितपत. तरीही १२८ जण दगावले, आणि त्यांतले बहुतेक थंडीनेच गेले, असा निष्कर्ष विल्यम कीटिंग या शरीरशास्त्रज्ञाने काढला.

येथे पोहणारा आणि पाणबुड्या यांतला भेद पाहावा. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये ‘ओशन्स सेव्हन’ या सात सामुद्रधुन्यांची मालिका पूर्ण केली. त्या प्रकारात ऊबदार सूट घालण्यास मनाई असते. स्नायूंचे अखंड काम हीच शेगडी. स्कूबा डायव्हरला उलट शिस्त असते. हवा पुरवून वापरायची म्हणून तो संथ हालतो, आणि त्यामुळे उष्णता कमी निर्माण होते. त्याला कपड्यावरच विसंबावे लागते.

तो कपडा सापडला १९५२ च्या सुमारास. अणुबॉम्ब प्रकल्पात काम केलेला कॅलिफोर्नियाचा पदार्थवैज्ञानिक ह्यू ब्रॅडनर याने ओळखले की माणूस कोरडा राहण्याची गरज नाही. निओप्रीनच्या फेसातील वायूचे बुडबुडेच उष्णता रोखतात. हाच वेटसूट. त्याची मेख अशी की ३० मीटर खोलीवर दाब चौपट होतो आणि ते बुडबुडे चेपतात, त्यामुळे जिथे पाणी सर्वांत थंड तिथेच सूट सर्वांत पातळ पडतो. म्हणून थंड पाण्यात आत लोकरीचे वा तत्सम कपडे घालून वर ड्रायसूट चढवतात. मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांवर खोल काम करणारे पाणबुडे हेलियममिश्रित वायूत दिवसेंदिवस राहतात. हेलियम उष्णता हवेच्या सुमारे सहापट वाहून नेतो, त्यामुळे त्यांची दाबकोठडी ३० अंशांच्या आसपास तापवावी लागते. बाहेरच्याला ती भट्टी वाटेल. आतल्याला जेमतेम बरी.

थंडी सर्वांत आधी बोटांची चपळाई नेते, मग विवेक. झडप फिरवता न येणे, मापकावरचा आकडा दिसूनही न उमगणे, ही लक्षणे थरकापाइतकीच गंभीर असतात. थरकाप आपोआप थांबला तर ती सुधारणा नव्हे. गाभ्याचे तापमान ३२ अंशांकडे उतरल्याची ती खूण असू शकते. वर येताना टप्प्याटप्प्याने थांबायच्या काळात अंग गार पडले तर दाबविकाराचा धोकाही वाढतो. त्यामुळे बुडी घेण्यापूर्वीच परतीची वेळ ठरवतात आणि जोडीदारापैकी एकाला हुडहुडी भरली की दोघेही वर येतात.

बाहेर काढलेल्यास शक्यतो आडवेच उचलावे आणि आडवेच ठेवावे. उभे केल्यास रक्तदाब कोसळून तो वाचता वाचता जाऊ शकतो, हे फ्रँक गोल्डन या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने उलगडले. ओले कपडे काढून वारा अडवावा, हातपाय चोळू नयेत, शुद्धीत असल्यास गोड गरम पेय द्यावे. ब्रँडीचा घोट मात्र त्वचेकडचे रक्त वाढवून उरलीसुरली ऊबही घालवतो.

कोरियाच्या जेजू बेटावरच्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुड्या मारून शिंपले-शेवाळ काढणाऱ्या बायका, यातले बरेचसे तापमापकाविना पाळत आल्या. सुती पोशाखात त्या १० अंशांच्या पाण्यातही उतरत, थोड्या वेळाने बाहेर येत आणि बुल्तोक नावाच्या दगडी आडोशात शेकोटीभोवती बसत. १९६० च्या दशकात सुक की होंग यांनी त्यांची मोजमापे घेतली, तेव्हा हिवाळ्यात त्यांचा मूलभूत चयापचय सुमारे ३० टक्क्यांनी वाढलेला आढळला. १९७० च्या दशकात त्यांनी वेटसूट स्वीकारला आणि पाण्यात त्या कितीतरी अधिक वेळ राहू लागल्या. काही वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा त्यांचा चयापचय किनाऱ्यावरच्या इतर बायकांसारखाच झाला होता.