मथळा, ठोकळा आणि वाचकवर्ग

नियतकालिकाचे पान कसे मांडायचे, हे ते कोणाच्या हाती पडणार यावर ठरते. मराठीत ही सांगड पहिल्याच पत्रात दिसते. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढले तेव्हा पानावर उभे दोन स्तंभ ठेवले, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. देशी लोक आणि राज्यकर्ते हे दोन वाचक एकाच पानावर शेजारी बसवले गेले. पुढे १८४० मध्ये त्यांनीच ‘दिग्दर्शन’ हे मराठीतले पहिले मासिक सुरू केले. त्यांच्यासमोर विद्यार्थी होता, म्हणून लेखांच्या जोडीला नकाशे आले.

एकोणिसाव्या शतकात मासिकाला ‘मासिक पुस्तक’ म्हणत. १८६७ चे ‘विविधज्ञानविस्तार’ त्याच घडणीचे होते. वर्षाचे अंक एकत्र बांधून घरात जपले जात, त्यामुळे सजावटीपेक्षा मजकुराला मान होता. मुलांसाठी मात्र वेगळे मासिक हवे, हे तेव्हाच उमगले होते. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ चे.

छापखान्यातले शब्द याच काळात रुळले. ‘मथळा’ म्हणजे मजकुराच्या माथ्यावरचे शीर्षक. ‘फर्मा’ म्हणजे एकदम छापून घडी घालायचा कागद. त्याची बहुधा आठ किंवा सोळा पाने होतात, म्हणून अंकाची पृष्ठसंख्या संपादकाच्या मर्जीने नव्हे, फर्म्याच्या हिशेबाने वाढते. ‘ठोकळा’ म्हणजे चित्राचा धातूचा ठसा. छायाचित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर करून तो बनवत, आणि रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा स्वतंत्र ठोकळा लागे. खर्च मोठा असल्याने रंग प्रामुख्याने मुखपृष्ठावर आला, तर मलपृष्ठ जाहिरातदाराकडे गेले. ‘सदर’ हा शब्द यांत सर्वांत देखणा आहे. वाड्यातली सदर ही कारभाराची ठरलेली जागा. तशी अंकातली ठरलेली जागाही सदरच झाली. वाचकाला ती शोधावी लागत नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि सणाच्या सुट्टीत निवांत असलेला वाचक हेरला. दिवाळी अंकांमुळे चित्रकारांना मोठे काम मिळाले. गोव्याशी नाते असलेल्या दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे वाचक चित्रकाराच्या नावाने ओळखू लागले. दलालांनी तर १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक सुरू केला.

वाचकवर्गाची सर्वांत जाणती आखणी किर्लोस्करवाडीत झाली. तिथल्या किर्लोस्कर कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांना देण्यासाठी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार आणि व्यंगचित्रकार होते. जाहिरातपत्रकाचे त्यांनी विचारांचे मासिक केले, १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये तरुणांसाठी ‘मनोहर’ काढले. एकाच घरातल्या तीन वाचकांसाठी तीन मासिके! आज जाहिरातक्षेत्रात ज्याला ‘लक्ष्यगट’ म्हणतात, तो इथे आधीच उभा होता. पण या शब्दात वाचक म्हणजे नेम धरायची वस्तू होते. ‘स्त्री’ने वाचक स्त्रीला गिऱ्हाईक न मानता शिक्षण, विवाह, मिळकत यांवर विचार करणारी व्यक्ती मानले, आणि त्यातच त्या मासिकाचे मोठेपण आहे.

‘खप’ आणि ‘वाचकवर्ग’ यांतला फरकही मराठीत ठळक राहिला. खप म्हणजे विकलेल्या प्रती. वाचनालयातली एक प्रत मात्र अनेक घरांतून फिरते, त्यामुळे वर्गणीदारांच्या यादीवरून वाचकांची मोजदाद होत नाही.

‘स्त्री’च्या संपादक विद्या बाळ यांनी ते मासिक सोडल्यावर १९८९ मध्ये ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केले. ते कोणासाठी आहे, हे त्याच्या नावातच सांगितलेले आहे.