श्रवणदोष आणि वाद्यवादन

ऐकू कमी येत असताना किंवा मुळीच येत नसताना केलेले वाद्यवादन. नाद कानाला कळतो तसा कातडीला आणि हाडांनाही जाणवतो. स्पर्शाला साधारण १,००० हर्ट्‌झपर्यंतची कंपने कळतात, त्यातही २५० च्या आसपासची अधिक. म्हणून ठेका धरता येतो, बारीक स्वरभेद मात्र निसटतात. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची होळी प्रसिद्ध. तिथल्या मोठ्या ढोलाची थाप कमी ऐकणाऱ्याच्याही छातीत घुमते. बासरीच्या उंच सुरांचे तसे नाही. स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी (जन्म १९६५) बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण बहिऱ्या झाल्या. त्या अनवाणी वाजवतात : खालचे नाद पायांत, वरचे चेहरा-मानेवर टिपतात. बेथोव्हनचा दाखला सर्रास दिला जातो, पण तो इथे अर्धाच लागू पडतो. बहिरेपण वाढल्यावर त्याचे जाहीर पियानोवादन थांबले, नववी सिंफनी (१८२४) ही त्याची रचना, वादन नव्हे. श्रवणयंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी जुळवलेली असतात, त्यामुळे वादकाने त्यात संगीतासाठी वेगळी जुळवणी करून घ्यावी. कॉक्लियर इम्प्लांटने ताल चांगला कळतो, सूर कमी. सततच्या मोठ्या आवाजाने धडधाकट वादकाचेही कान जातात. ढोल-ताशा पथकांनी कानात बोळे घालूनच सराव करावा.