बर्डीची माती आणि खोल जाणारं मशीन

‘सगळ्यात खोल जाणारं मशीन कोणतं?’ सीताबर्डीच्या लढाईबद्दल कुणाशीही बोलायला लागलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच. विचारणारा कधी कॉलेजातला मुलगा असतो, कधी निवृत्त इंजिनिअर. तलवारी असतील का, तोफगोळे असतील का, मेटल डिटेक्टर फिरवला तर काय निघेल, तो किती हजारांना पडतो... प्रश्न भाबडा वाटला तरी मला तो आवडतो. पुस्तकातला इतिहास पायाखाली असू शकतो, एवढं तरी विचारणाऱ्याला जाणवलेलं असतं. पण त्याचं उत्तर मशीनच्या किमतीत सापडत नाही. बर्डीच्या जमिनीला आपण नेमकं काय विचारणार आहोत, हे आधी ठरवावं लागतं.

आधी लढाई. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेनं बर्डीच्या दोन टेकड्यांवर गोळीबार सुरू केला. वर कंपनी सरकारची फौज होती. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स, लेफ्टनंट कर्नल स्कॉट, मद्रासच्या दोन देशी पलटणी आणि बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या. सगळे मिळून दीड हजारांच्या आतच. खाली भोसल्यांचं सैन्य, इंग्रज लेखकांच्या हिशेबानं अठरा हजारांच्या आसपास, त्यात काही हजार अरब. रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट झाला, त्या गोंधळात अरबांनी ती टेकडी घेतली आणि तिथली तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. मग कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडेस्वारांनी सपाटीवर केलेला हल्ला, पायदळाची चाल, आणि दुपारपर्यंत बाजी उलटली. कंपनीच्या बाजूचे मेलेले आणि जखमी मिळून ३६७. भोसल्यांच्या बाजूचे किती पडले याचे आकडे आहेत, पण तेही इंग्रजांनीच मांडलेले.

खरी अडचण इथेच आहे. या लढाईचं जे तपशीलवार वर्णन आपण वाचतो, ते जवळजवळ सगळं टेकडीवरून खाली पाहणाऱ्यांनी लिहिलेलं. कोणता अधिकारी कुठे पडला, कोणत्या तुकडीनं कधी चाल केली, हे त्यात नावानिशी सापडतं. खालून वर चढणाऱ्या माणसाला टेकडी कशी दिसत होती, तो कुठल्या आडोशाला थांबला, कुठून परत फिरला, हे त्या कागदांत नाही. वर लढणारे बहुतेक शिपाईही तेलुगू-तमिळ मुलखातले आणि उत्तर हिंदुस्थानातले. त्यांचंही स्वतःचं म्हणणं नोंदलेलं नाही. नागपूरच्या राज्याचं भवितव्य ठरवणारी ही लढाई. पुढे अप्पासाहेब पदच्युत झाले, पळाले आणि १८४० मध्ये जोधपूरला परागंदा अवस्थेत वारले. तरी एका बाजूची साक्ष आपल्याकडे नाहीच म्हटलं तरी चालेल.

ती साक्ष जमिनीत असू शकते. शिशाची गोळी कुणाची बाजू घेत नाही. कंपनीच्या शिपायाकडे गुळगुळीत नळीची मस्केट असायची. तिची गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटर व्यासाची, वजन तीस ग्रॅमच्या आसपास. अरबांच्या तोड्याच्या बंदुका एका साच्यातल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या गोळ्याही कमीजास्त आकाराच्या. म्हणजे गोळी नुसती वजनकाट्यावर ठेवली तरी ती कोणत्या बाजूची असावी याचा अंदाज बांधता येतो. गोल राहिली असेल तर ती हातातून पडली किंवा कशालाही न लागता जमिनीत गेली. चपटी झाली असेल तर कुठेतरी आदळली. अशा शंभर गोळ्यांच्या जागा नकाशावर मांडल्या, तर गोळीबाराची दिशा दिसायला लागते. एकटी गोळी मात्र काहीच सांगत नाही. जागा हरवली की ती भंगाराच्या भावाचं शिसं असते.

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिटल बिगहॉर्न इथं १८७६ मध्ये कस्टर आणि त्याच्यासोबतची तुकडी लाकोटा-शायेन योद्ध्यांनी कापून काढली. कस्टरबरोबरचा एकही सैनिक वाचला नाही. जिंकणाऱ्या मूळनिवासींच्या आठवणी होत्या, पण त्यांच्यावर शतकभर फारसा विश्वास कुणी ठेवला नाही. १९८३ मध्ये तिथं वणवा लागला, गवत जळून जमीन उघडी पडली, आणि १९८४ पासून डग्लस स्कॉट, रिचर्ड फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवक घेऊन रांगेनं डिटेक्टर फिरवले. आवाज आला की निशाण रोवायचं, जागा मोजायची, मगच वस्तू उचलायची. काडतुसांवर बंदुकीच्या चापानं उमटलेल्या खुणा जुळवून एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे गेली हे त्यांनी दाखवलं. योद्ध्यांच्या ज्या आठवणी बाजूला टाकल्या होत्या, त्यांतल्या कित्येकांना जमिनीनं दुजोरा दिला. आणि यासाठी वापरलेली यंत्रं साधीच होती, वीतभर-हातभर खोलीची.

आता मशीनकडे वळू. मेटल डिटेक्टरचं तत्त्व जुनं आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली, ती शरीरात कुठे अडकली हे शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी विद्युतचुंबकीय यंत्र बनवलं होतं. पलंगाच्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला, डॉक्टरांनी शोधू दिलं तेही चुकीच्या बाजूला, आणि गोळी काही मिळाली नाही. आजच्या यंत्रातही तेच चालतं. कॉइलमधून बदलता प्रवाह जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातूत भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांचं उलट क्षेत्र यंत्र ऐकतं.

खोलीची मर्यादा याच्यातच आहे. क्षेत्र खाली जाताना झपाट्यानं क्षीण होतं आणि परत येतानाही तितकंच. लहान वस्तूच्या बाबतीत अंतर दुप्पट झालं की परतणारा संकेत साधारण चौसष्टावा हिस्सा उरतो. म्हणून दुप्पट पैसे मोजून दुप्पट खोली मिळत नाही. चांगल्या साध्या यंत्राला बंदुकीची गोळी वीतभर खोलीपर्यंत नीट ऐकू येते. कॉइल मोठी केली तर खोली वाढते, पण मोठ्या कॉइलला लहान वस्तू दिसेनाशी होते. दोन पेट्यांमध्ये दांडा असलेली ‘खोल शोधणारी’ यंत्रं हंडा किंवा तोफ ऐकतील, बंदुकीची गोळी नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेली खोली अशाच मोठ्या वस्तूची असते.

त्यात बर्डीची जमीन वेगळीच. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व काठावरचं शहर. बर्डीची टेकडी त्याच काळ्या दगडाची. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी या परिसराचे थर अभ्यासले, ते इथे दोन प्रकारची भूमी भेटते म्हणूनच. या दगडात लोहखनिजाचे चुंबकीय कण असतात, आणि डिटेक्टरला ते धातूसारखेच ऐकू येतात. परदेशातल्या मऊ शेतजमिनीत उत्तम चालणारं यंत्र इथं सारखं किरकिरत राहतं. म्हणून आपल्याकडे यंत्र निवडताना पहिली गोष्ट पाहायची ती ग्राउंड बॅलन्स हातानं जुळवता येतो का. फारच कुरकुर असेल तर पल्स इंडक्शन पद्धतीचं यंत्र बरं. ते प्रवाहाचा झटका देऊन थांबतं आणि मग ऐकतं, त्यामुळे खनिजांचा गोंगाट कमी होतो. पण त्याला लोखंड आणि इतर धातू वेगळे ओळखणं जड जातं. शहरी जमिनीत खिळे, तारा आणि बाटल्यांची बुचं यांची रेलचेल. पल्स यंत्र त्या प्रत्येकाला सलाम करत चालतं. लोखंड वगळायची सोय वापरावी, तर तोफेतून उडवलेले लोखंडी छर्रेही वगळले जातात. युद्धभूमीवर तीच तर साक्ष.

‘मग रडार?’ असं पुढचं वाक्य असतं. जमिनीत रेडिओलहरी सोडणारं रडार धातू शोधत नाही, थरांमधला फरक दाखवतं. कोरड्या वाळूत ते छान चालतं. आपल्या ओल्या काळ्या चिकणमातीत लहरी लवकर विरतात. शिवाय उपकरणानं दाखवलेला ‘फरक’ म्हणजे वस्तू नव्हे. २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या डौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नावरून हजार टन सोन्याची हाकाटी झाली. भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या उपकरणांनी जमिनीखाली काहीतरी वेगळं असल्याचे संकेत दिले, पुरातत्त्व खात्यानं ऑक्टोबरमध्ये खोदकाम केलं, टीव्हीच्या गाड्या उभ्या राहिल्या. सोनं निघालं नाही.

याच्याही पलीकडे बाजारात काही यंत्रं अशी असतात की ती शंभर मीटरवरचं सोनं दाखवतात म्हणे. हातात मूठ, पुढे हलणारी दांडी. याच जातीचं एडीई ६५१ नावाचं उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकला विकलं गेलं होतं. त्याचं मूळ गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका गमतीच्या खेळण्यात होतं. विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तपासणी नाक्यांवर त्या दांडीवर विश्वास ठेवणाऱ्यांचं काय झालं असेल, हा विचार अस्वस्थ करतो. गुप्तधनाच्या नादानं आपल्याकडेही माणसं लुबाडली जातात, कधी त्याहून भयंकर घडतं. महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांची स्वतंत्र दखल घ्यावी लागली, ती उगाच नव्हे.

कायद्याचं आणखी एक अंग आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. १९५८ च्या कायद्यानं संरक्षित जागेत परवान्याशिवाय खोदता येत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. आणि बर्डीचा किल्ला तर लष्कराच्या ताब्यात. सामान्य माणसाला तो वर्षातून मोजक्या राष्ट्रीय दिवशीच उघडा असतो. तेव्हा यंत्र विकत घेऊन रविवारी सकाळी टेकडीवर जायचा बेत असेल, तर तो सोडून दिलेला बरा.

पण म्हणून काहीच करायचं नाही का? इथं मला २०२० ची गोष्ट महत्त्वाची वाटते. किल्ल्याजवळच्या कस्तुरचंद पार्कवर मैदानाचं काम चालू असताना जमिनीतून ब्रिटिशकालीन तोफा निघाल्या. १८१७ च्या लढाईशी त्यांचं नातं असावं, असा अंदाज तेव्हा व्यक्त झाला. कुणी गुप्तधन शोधत नव्हतं, कुणाकडे खोल जाणारं मशीन नव्हतं. विदर्भ-महाकोशलाला हे नवीन नाही. १८७० मध्ये बालाघाटजवळच्या गुंगेरियाला चारशेहून जास्त तांब्याची हत्यारं आणि शंभरावर चांदीचे पत्रे निघाले, तेही गुराखी पोरांना.

तोफ सापडणं ही बातमी होते, ती होणारच. पण तोफ केव्हा पुरली गेली हे ती स्वतः सांगत नाही. लढाईत निकामी झाली की पुढे पन्नास वर्षांनी नको म्हणून गाडली, हे तिच्याशेजारच्या मातीतून कळतं. एखादं नाणं, खिळा, खापराचा तुकडा, आणि तो तोफेच्या वर होता की खाली. माहुरझरीला १९७० च्या सुमारास शां. भा. देवांनी शिळावर्तुळं उकरली, तेव्हा घोड्याचा सांगाडा आणि त्याचा धातूचा साज एकत्र मिळाला. दागिना एकटा मिळाला असता तर तो नुसता तांब्याचा पत्रा होता. घोड्याच्या हाडांशेजारी मिळाला, म्हणून अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी या भागातली माणसं मेलेल्याबरोबर घोडाही पुरत होती हे कळलं. ब्रशनं काम करणाऱ्याला हे नातं जपता येतं. जेसीबीच्या बकेटला येत नाही.

बर्डीवर गेल्या काही वर्षांत किती खोदलं गेलं ते नागपूरकरांना सांगायला नको. मेट्रोचे खांब, मुंजे चौकातलं इंटरचेंज स्थानक, उड्डाणपूल, केबलींचे चर, पेव्हर ब्लॉक. फिट्झजेराल्डचे घोडेस्वार ज्या सपाटीवर दौडले आणि अरब ज्या वस्तीच्या आडोशानं सरकले, ती जमीन आता दुकानं, रस्ते आणि स्थानकांखाली आहे. लढाईच्या खुणा असतील तर त्या फार खोल नसणार. दोनशे वर्षांत डोंगरउतारावर मातीचे ढीग साचत नाहीत, उलट ती वाहून जाते. म्हणजे ज्या वीत-दीड वीत थरात ती साक्ष आहे, तोच थर प्रत्येक नव्या कामात सगळ्यात आधी खरवडला जातो.

म्हणून यंत्र कोणतं घ्यावं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. मध्यम किमतीचं, ग्राउंड बॅलन्स जुळवता येणारं, मधल्या आकाराच्या कॉइलचं यंत्र. सोबत जीपीएस, मोजपट्टी, निशाणं आणि जाड पुठ्ठ्याची वही. ते एकट्यानं घेऊ नये. विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग किंवा राज्याचं पुरातत्त्व खातं यांच्या परवानगीनं आणि देखरेखीखाली, एखाद्या मैदानाचं काम सुरू होण्याआधी ते फिरवावं. आठ-दहा विद्यार्थी, दोन आठवडे, दोरी बांधून आखलेले पट्टे. खर्च पेव्हर ब्लॉकच्या तुलनेत किरकोळ. कंत्राटात ‘खोदकामापूर्वी पाहणी’ एवढी एक ओळ घालायला सरकारला नवा कायदा लागणार नाही.

काही निघेल याची हमी नाही. सगळा थर कधीच गेलेलाही असेल. पण एखाद्या पट्ट्यात वेड्यावाकड्या आकाराच्या वीस-पंचवीस गोळ्या एका ओळीत मिळाल्या, तर त्या रात्री तिथं कुणीतरी उभं होतं, टेकडीकडे तोंड करून, एवढं तरी आपल्याला छातीठोकपणे म्हणता येईल. त्याचं नाव कळणार नाही. पण त्याच्याबद्दल आजवर शत्रूनंच लिहिलं आहे. त्याच्या बाजूचं ते पहिलं वाक्य असेल.