अ‍ॅबट्सफर्डची छतं

स्कॉटलंडमध्ये ट्वीड नदीच्या काठी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांचं घर आहे, अ‍ॅबट्सफर्ड. १८११ साली त्यांनी इथलं शेत आणि त्यावरचं साधं घर विकत घेतलं आणि १८२४ पर्यंत त्याचा बुरुजांचा वाडा केला. आत जाऊन मान वर केली की काळपट ओकची कोरीव छतं दिसतात. तुळया जिथे मिळतात तिथे घराण्यांची रंगीत चिन्हं, कडेच्या पट्टीत पानं, फुलं, विद्रूप बुटके आणि मधूनच एखाद्या जोगिणीचा देखणा चेहरा. त्या पट्टीत लाकूड नाही. सगळं प्लास्टर ऑफ पॅरिस आहे.

हे चेहरे मूळचे दगडातले. जवळच मेलरोजचा मठ आहे, ११३६ साली स्थापन झालेला. एडिनबरोजवळ रॉझलिनचं १४४६चं चॅपल. या दोन्ही वास्तूंच्या नक्षीवर स्कॉटचा जीव. तिथल्या दगडी फासळ्या छताचा भार पेलतात. घरात आलेल्या नक्षीला काहीच पेलायचं नसतं. लंडनजवळच्या स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरात लेखक होरेस वॉलपोलने अठराव्या शतकातच वेस्टमिन्स्टरमधल्या चॅपलची कमान कागदाच्या लगद्यात उतरवून घेतली होती. स्कॉटने मात्र आपल्या मुलखातल्या दगडांवरूनच ठसे घेतले.

काम गणपतीच्या कारखान्यात चालतं तसंच: साचा, त्यात प्लास्टर, मग रंग. रंगाची जबाबदारी एडिनबरोच्या डेव्हिड रॅमसे हे (Hay) या तरुण रंगाऱ्याकडे होती. त्याने काढलेलं स्कॉटच्या लाडक्या मांजराचं चित्र पाहून, चित्रकार होण्यापेक्षा घरं रंगव, असा सल्ला स्कॉटनेच त्याला दिला होता. लाकडाचा भास असा आणतात: आधी फिकट हात, तो वाळला की वर पातळ तपकिरी रंग, आणि ओला असतानाच फणी ओढून त्यात रेषा. काहीही नवं, चकचकीत दिसू नये, अशी स्कॉटची ताकीद होती. दर्शनी दालनात डनफर्मलिनच्या चर्चमधलं खरंखुरं जुनं ओक बसवलेलं होतं. हलकी नक्कल त्याच्याशेजारी लगेच उघडी पडली असती.

याला खोटेपणा म्हणणं मला पटत नाही. पडक्या मठाचा एकही दगड न हलवता तिथल्या कारागिराची छिन्नी घरात आणायची, तर ठशाइतका प्रामाणिक मार्ग दुसरा नाही. १८३२ मध्ये स्कॉट गेले. पुढच्याच वर्षी घर लोकांसाठी खुलं झालं. रंगाऱ्याची कीर्तीही वाढत गेली, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात होलीरूड राजवाड्याच्या सजावटीचं काम त्याच्याकडे आलं.