कखडी गावचं शेत

मित्रहो, दिग्रसला बोलतोय म्हणून सुरुवात आपल्या ओळखीच्या नावापासून करू. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा मोठा शिलालेख आहे. नातू पुळुमावी याच्या १९व्या राज्यवर्षात तो कोरला. आपल्या मुलाचे, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे, देश ही आई एकेक करून मोजते. त्यांत विदर्भ आहे! आणि याच मुलाने क्षहरातांचा वंश निपटून काढला, असंही ती अभिमानाने सांगते.

हे क्षहरात म्हणजे नहपान क्षत्रपाचं घराणं. सातवाहनांशी त्यांची लढाई झाली सुमारे १९०० वर्षांपूर्वी. भांडण मुख्यतः घाटवाटांचं आणि बंदरांचं, असं आम्हाला वाटतं. पैठणचा माल गाड्यांवरून भडोचला जायचा. ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात ही वाट वीस दिवसांची सांगितली आहे. भडोच नहपानाकडे होतं. पुढे नाशिक, जुन्नर, कार्ले हा पट्टाही त्याच्याकडे गेला. गौतमीपुत्राने तो परत घेतला.

पुरावा काय? १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी नहपानाची. पण त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावरच ठोकलेला, बरं का! नाणं वितळवायची गरज नाही. राज्य कुणाचं ते हातात पडताच कळतं.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. त्याच लेण्यात आणखी दोन लहान लेख आहेत, ते मात्र फारसं कुणी वाचत नाही. पहिला गौतमीपुत्राच्या १८व्या वर्षाचा, विजयी सेनेच्या तळावरून पाठवलेला हुकूम. पश्चिम कखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते लेण्यातल्या भिक्षूंना दिलं. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. शत्रूची जमीन काढली आणि दान केली, सरळ हिशेब.

दुसरा लेख सहा वर्षांनंतरचा. गोवर्धनचा अमात्य श्यामक याला राजा आणि राजमाता कळवतात, की कखडीतलं ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही नाही.

आपल्याकडे याला रिठी गाव म्हणतात. दप्तरात नाव असतं, सीमा असते, घर एकही नसतं. कखडी का उठलं, ते लेखात नाही. सैन्यं त्याच मुलखातून गेली होती, जमिनीचा धनी बदलला होता. कसणारी माणसं तेव्हाच पांगली असावीत, असा आमचा अंदाज. बलश्रीच्या लांबलचक प्रशस्तीत या गावाबद्दल एक शब्द नाही. ते आपल्याला कळतं ते भिक्षूंना पीक मिळेना म्हणून.

मग राजाने बदली जमीन दिली. नगराच्या शिवेवरची, स्वतःच्या मालकीची, शंभर निवर्तनं. म्हणजे आधीच्या निम्मी.