रॅकून आणि अमेरिकन शेतकरी

इ. स. १६१२ मध्यें ऑक्सफर्ड येथें छापलेल्या व्हर्जिनियाच्या वर्णनांत कॅप्टन जॉन स्मिथ यानें एका अपरिचित प्राण्याची नोंद केली आहे. अंगानें बॅजर नांवाच्या विलायती प्राण्यासारखा, परंतु खारीप्रमाणें झाडांवर राहणारा हा प्राणी तेथील पोव्हाटन लोक ‘अराकुन’ अशा कांहींशा नांवानें ओळखीत. हातांनीं खरवडणारा, असा त्या शब्दाचा अर्थ सांगतात. इंग्रजांच्या जिभेवर त्याचाच ‘रॅकून’ झाला. स्वीडनचा सृष्टिशास्त्रज्ञ लिनियस याला तेथील युवराजाकडून असा एक प्राणी भेट मिळाला होता. १७५८ सालीं त्यानें त्याला अस्वलांच्या कुळांत बसवून ‘धुणारें अस्वल’ असें लॅटिन नांव दिलें. जर्मन व जपानी नांवांचा अर्थही तोच. वास्तविक हा प्राणी अस्वल नव्हे आणि अन्न धूतही नाहीं. पाण्याच्या कांठीं बेडूक व खेकडे चांचपून धरण्याची त्याला उपजत संवय असते. ती पिंजऱ्यांतही सुटत नाहीं, एवढेंच.

या चांचपण्यांतच त्याचें सारें सामर्थ्य आहे. डोळ्यांवर काळा पट्टा, शेंपटीवर वलयें, वजन दहा ते वीस पौंड आणि पुढचे पंजे माणसाच्या हातांइतके चपळ. आपल्याकडील उदमांजर कौलांतून शिरतें, पण दाराची कडी कांहीं उघडीत नाहीं. रॅकून ती उघडतो. एच्. बी. डेव्हिस या संशोधकानें १९०७ च्या सुमारास तेरा प्रकारचीं कुलुपें व खिट्या त्याच्यापुढें ठेवून पाहिल्या. त्यांपैकीं अकरा त्यानें दहापेक्षां कमी प्रयत्नांत उघडल्या आणि मांडणी उलटी केली तरी तो गोंधळला नाहीं. अशा शत्रूशीं अमेरिकन शेतकऱ्याची गांठ पडली आहे.

पूर्वीं हें वैर एकतर्फी नव्हतें. रॅकून कोंबड्या नेई, तर शेतकरी शिकारी कुत्र्यांकरवीं त्याला रात्रीं झाडावर चढवी आणि त्याचें मांस व कातडें घेई. १९२६ सालीं मिसिसिपींतून राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्याकडे सणाच्या मेजवानीसाठीं एक जिवंत मादी आली होती. त्यांनीं तिला न मारतां ‘रेबेका’ नांव देऊन पाळलें, ही गोष्ट वेगळी. त्याच दशकांत कॉलेजच्या तरुणांत रॅकूनच्या कातड्याचे लांब कोट वापरण्याची टूम निघाली. पुढें फॅशन बदलली, १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कातड्यांचे भाव कोसळले, आणि पारध करण्यांत अर्थ उरला नाहीं. पूर्वेकडील रानांतून लांडगे व प्यूमा तर त्याआधींच माणसानें नाहींसे केले होते. मक्याचीं शेतें मात्र वाढत गेलीं. रॅकूनची संख्या वाढली यांत नवल कसलें?

मक्याच्या कणसांत दूध भरलें कीं तो येतो. ताट वांकवून मोडतो, कणीस सोलतो, दोन घांस खाऊन टाकून देतो व दुसऱ्याला हात घालतो. त्यामुळें पोटाच्या मानानें नासाडी फार. बुजगावणें, दिवे, आवाज यांना तो चार दिवसांत सरावतो. गुण आला तो एका साध्या उपायाला. जमिनीपासून सहा व बारा इंचांवर विजेच्या दोन तारा शेताभोंवतीं ताणावयाच्या आणि तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत त्यांत प्रवाह ठेवावयाचा. पण हें काम दूध भरण्यापूर्वीं झालें पाहिजे. एकदां चव लागल्यावर तो धक्का सोसूनही आंत शिरतो. खुराड्याला जाड तारेची जाळी व दुहेरी खिटी लागते. धुराड्यावर झांकण बसवितांना आंत पिलें नाहींत ना, हें आधीं पाहावें लागतें. नाहीं तर बाहेर अडकलेली आई पिलांसाठीं छप्पर उचकटते.

हे सारे उपाय कष्टाचे. त्याहून सोपा वाटतो तो पिंजरा. मासळीचा तुकडा ठेवावा, सकाळीं सांपडलेला चोर गाडींत घालून दहा कोसांवर सोडून यावें. याला भूतदया म्हणावें कीं आपली पीडा शेजाऱ्याच्या माथीं मारणें म्हणावें? पुष्कळ संस्थानांनीं कायद्यानें यास बंदी केली आहे, आणि त्यामागें एक अनुभव आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्लॉरिडांतील रॅकूनांत पिसाळण्याचा, म्हणजे रेबीजचा, रोग रुजला होता. तो जवळच्या प्रांतांत हळूहळू सरकत होता. पारधीसाठीं जनावरें हवींत म्हणून व्हर्जिनियाकडील शिकारी मंडळांनीं फ्लॉरिडांतून रॅकून आणून रानांत सोडले. १९७७ सालीं शेकडों मैल उत्तरेस, वेस्ट व्हर्जिनियांत, तो रोग प्रकटला. १९९० मध्यें तो न्यूयॉर्क संस्थानांत व १९९२ मध्यें मॅसॅच्युसेट्समध्यें पोंचला. कुत्र्यांना लस टोंचतां येते. रानांतल्या रॅकूनला कोण टोंचणार? म्हणून माशाच्या पिठाच्या वड्यांत लस भरून ती खाऊं घालण्याची युक्ति निघाली आणि १९९० सालीं व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळील पॅरामोर बेटावर तिची पहिली परीक्षा झाली. तेव्हांपासून मेन ते अलाबामा या पट्ट्यांत अशा लाखों वड्या विमानांतून टाकून रोगाला पश्चिमेस जाण्यापासून थोपविलें जात आहे.

कानडांतील ऑन्टेरिओ प्रांतांत १९९९ मध्यें हा रोग शिरला. धरपकड व लस यांच्या जोरावर २००५ नंतर तो तेथून हटला. दहा वर्षें शांततेंत गेलीं. डिसेंबर २०१५ मध्यें हॅमिल्टन शहरीं मोकाट जनावरें नेणाऱ्या एका गाडींत दोन कुत्रे व एक रॅकून यांची झटापट झाली. तपासणींत तो रॅकून पिसाळलेला निघाला. त्या रोगबीजाचें जवळचें नातें निघालें तें तीनशें मैलांवरील आग्नेय न्यूयॉर्कमधील बीजाशीं. मधल्या मुलुखांत त्याचा मागमूस नव्हता. एखाद्या मालमोटारींत दडून तो आला असावा, असा तज्ज्ञांचा तर्क आहे.