सिंगापूरचं हॉकर सेंटर : पाच डॉलरचं जेवण स्वस्त कसं राहतं आणि त्याची किंमत कोण मोजतं?

2016 मध्ये सिंगापूरचं पहिलं मिशेलिन गाइड निघालं. भारी भारी हॉटेलांना तारे देणारं हे पुस्तक. पण त्या वर्षी तारा मिळालेल्यांच्या यादीत दोन साधे खाण्याचे गाळेही होते. त्यातला एक होता चायनाटाऊनमधला चान होन मेंग यांचा. तिथे सोया सॉसमधलं चिकन आणि भात साधारण दोन सिंगापूर डॉलरला मिळायचा. जगातलं सगळ्यात स्वस्त मिशेलिन जेवण म्हणून त्याची सगळीकडे चर्चा झाली.

सिंगापूर तर जगातल्या महागड्या शहरांपैकी एक. मग तिथे असं जेवण परवडतं कसं? याचं उत्तर चवीपेक्षा जास्त सरकारी धोरणात आहे.

हॉकर सेंटर म्हणजे नेमकं काय?

हॉकर म्हणजे फेरीवाला. हॉकर सेंटर म्हणजे वर छप्पर, चारी बाजूंनी मोकळी जागा, मध्ये टेबलं-खुर्च्या आणि कडेने ओळीत खाण्याचे छोटे गाळे. पाणी, वीज, ड्रेनेज, शौचालय अशा सोयी सगळ्यांना सामायिक. असे 110 हून जास्त सेंटर सिंगापूरमध्ये आहेत. ती सरकारी मालकीची असून त्यांचा कारभार राष्ट्रीय पर्यावरण संस्था पाहते. एकट्या चायनाटाऊन कॉम्प्लेक्समध्ये खाण्याचे 200 हून जास्त गाळे आहेत.

पर्यटकांचा गोंधळ होतो तो इथे. स्वस्तात खायच्या जागा सिंगापूरमध्ये साधारण तीन प्रकारच्या आहेत.

- हॉकर सेंटर : सरकारी जागा, एसी नाही, दर सगळ्यात कमी.
- कोपीटियाम : रहिवासी इमारतींच्या तळमजल्यावरचं कॉफीचं दुकान. कारभार खासगी. चहा-कॉफी बहुतेक वेळा चालवणाऱ्याचीच, बाकी गाळे भाड्याने दिलेले.
- फूड कोर्ट : मॉलमधली एसी जागा, त्यामुळे दर थोडे चढे.

रेस्टॉरंटमध्ये मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली, तर बिलात 10 टक्के सर्व्हिस चार्ज आणि 9 टक्के जीएसटी वाढणार असं समजायचं. हॉकर सेंटरमध्ये पाटीवर लिहिलेला भाव हाच भाव. टीपही द्यावी लागत नाही. एका माणसाचं जेवण साधारण 4 ते 6 सिंगापूर डॉलरमध्ये होतं.

रस्त्यावरून छपराखाली

आधी हे सगळे विक्रेते रस्त्यावरच होते. चीन, भारत आणि मलय प्रदेशातून आलेल्या लोकांना पोट भरायचा हा सोपा मार्ग होता. खांद्यावर कावड किंवा हातगाडी घेऊन फिरायचं आणि आपल्या गावचा पदार्थ विकायचा. पण नळ नाही, कचरा टाकायची सोय नाही. खरकटं गटारात आणि गटाराचं पाणी नदीत, अशी स्थिती होती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने विक्रेत्यांना नुसतं हुसकावून लावलं नाही. 1968-69 मध्ये देशभर नोंदणी करून रस्त्यावरच्या सुमारे 18,000 फेरीवाल्यांना तात्पुरते परवाने दिले. 1971 पासून सेंटर बांधायला सुरुवात झाली, तीही लोकवस्ती, बाजार आणि बस स्टँडच्या जवळ. 1986 पर्यंत रस्त्यावरच्या विक्रेत्यांना आत हलवण्याचं काम संपलं. या स्थलांतरितांना गाळे अनुदानित भाड्याने मिळाले. स्वस्त जेवणाचा पाया तिथे घातला गेला.

फेरीवाल्यांचा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. भारतात 2014 मध्ये पथविक्रेता कायदा आला. सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, विक्रीच्या जागा ठरवायच्या आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे ठेवायचे, असं तो सांगतो. म्हणजे ‘आधी मोजा, मग जागा द्या’ हे सूत्र दोन्हीकडे आहे. फरक असा की सिंगापूरने नोंदणीनंतर जागा स्वतः बांधून दिल्या.

एकाच टेबलावर सगळे

सेंटरमध्ये हैनान बेटावरून आलेल्यांचा चिकन राइस, मलय लोकांचा नारळाच्या दुधातला नासी लमाक आणि तमिळ मुस्लिमांचा रोटी पराटा शेजारी शेजारी मिळतो. लिटल इंडियातलं टेक्का सेंटर तर डोसा आणि बिर्याणीसाठी प्रसिद्ध आहे. हलाल आणि इतर जेवणाचे ट्रे ठेवायच्या जागा बऱ्याच ठिकाणी वेगळ्या असतात, त्यामुळे वेगवेगळ्या धर्मांचे लोक एकाच टेबलावर जेवू शकतात. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने या हॉकर संस्कृतीचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. या यादीतली सिंगापूरची ती पहिलीच नोंद.

शाकाहारी लोकांनी एक लक्षात ठेवावं. लाल सांबल चटणीत बऱ्याचदा सुक्या कोळंबीची पेस्ट असते, त्यामुळे भाजी दिसली तरी विचारून घ्यावं.

तिथले अलिखित नियम

टेबलावर टिशू पेपरचं पाकीट दिसलं, तर ती जागा धरलेली आहे. याला ‘चोप’ करणं म्हणतात. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच हे.

कॉफी मागायचीही स्वतःची भाषा आहे.

- कोपी : कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड कॉफी
- कोपी ओ : दूध नाही, साखर आहे
- कोपी सी : इव्हॅपोरेटेड मिल्क आणि साखर
- कोसोंग : साखर नको
- पेंग : बर्फ घालून

कोपीच्या जागी ‘तेह’ म्हटलं की चहा येतो.

जेवून झाल्यावर ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. हा नियम मात्र लिखित आहे. हॉकर सेंटरमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून त्याची सक्ती आहे. पहिल्यांदा लेखी ताकीद मिळते, दुसऱ्यांदा 300 डॉलर दंड.

मग अडचण कुठे आहे?

जुन्या विक्रेत्यांना अनुदानित भाडं होतं. आज नवा गाळा घ्यायचा तर निविदा भरावी लागते. सरकारने 2012 मध्ये किमान बोलीची अट काढली आणि गाळा दुसऱ्याला पोटभाड्याने द्यायला बंदी घातली, म्हणजे गाळा धरून नुसतं भाडं खाणारे मधले लोक बाहेर पडावेत. तरीही चांगल्या जागेसाठी चढाओढ होतेच. 2024 मध्ये मरीन परेडच्या एका गाळ्यासाठी महिन्याला 10 हजार डॉलरहून जास्त बोली लागली होती.

भाड्यासोबत कच्चा माल, वीज आणि मजुरीचा खर्च वाढतो. पण हॉकरने एक डॉलर वाढवला तरी ग्राहक कुरकुरतात. इटालियन पास्त्याला 20 डॉलर देणाऱ्यालाही नूडल्सचे सहा डॉलर जास्त वाटतात, कारण हॉकरचं जेवण स्वस्तच असायला हवं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. मग खर्च भरून निघतो तो विक्रेत्याच्या कष्टातून. पहाटे उठून रस्सा चढवायचा, दिवसभर शेगडीसमोर उभं राहायचं आणि रात्री भांडी घासून गाळा बंद करायचा. तिथल्या हॉकर लोकांचं मध्यवर्ती वय 60 च्या आसपास आहे. म्हणजे निम्मे विक्रेते त्याहून मोठे. शिकलेल्या मुलांना हे काम नको असतं आणि अनेकदा आईवडिलांनाही त्यांनी ते करावं असं वाटत नाही. म्हातारा विक्रेता थांबला की त्याची पाककृतीही गाळ्यासोबत बंद होते.

सरकार नवख्यांना उपकरणांसह गाळे सुरुवातीला सवलतीच्या भाड्याने देतं आणि जुन्या हॉकरच्या हाताखाली शिकण्याची सोय करतं. काही तरुण येतातही. चान होन मेंग यांनी ताऱ्यानंतर पंख्याखालच्या गाळ्यापलीकडे जाऊन शाखा काढल्या. त्यांचा तारा 2021 मध्ये गेला. पण प्रत्येक गाळ्याची साखळी होऊ शकत नाही.

सेंटर बांधणं सरकारला जमलं, कारण ते सिमेंटचं काम होतं. गाळ्यात उभं राहणारा पुढचा माणूस शोधणं जास्त अवघड आहे. त्या माणसाला सुखाने जगता येईल एवढा भाव द्यायची ग्राहकाची तयारी आहे का, यावर पाच डॉलरच्या जेवणाचं भवितव्य ठरणार आहे.